माळ्यावरचा प्रिन्स: विंडोज ११ वर चालतो, पण अडखळतो. मदत हवी

लाडू_चिवडा (शनिवार, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी,
तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबांचा चिपळूणला कॉम्प्युटरचा क्लास होता, १९९३ ते २००३. २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते सगळं गेलं, पण माळ्यावरचं एक खोकं वाचलं. या दिवाळीत ते खाली काढलं तर आत पंचवीसेक फ्लॉप्या आणि क्लासमधल्या एका मशीनची हार्ड डिस्क. पुण्याला आल्यावर यूएसबीचा अडॅप्टर आणून ती लॅपटॉपला जोडली आणि काय सांगू, घर्र करून सुरूच झाली! आत बाबांच्या नोट्स, पोरांच्या फीचा हिशेब आणि एका फोल्डरात चक्क प्रिन्स ऑफ पर्शिया.

लेक अकरा वर्षांचा आहे. त्याला म्हटलं, बस इथे, खरा गेम कसा असतो ते दाखवते. तिथून माझी शोभा सुरू झाली.

डबल क्लिक केलं तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही’. मग शोधाशोध करून डॉसबॉक्स टाकलं (०.७४-३), विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचे प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणारं. ते आधी म्हणे असं फोल्डरच नाही. वैतागून गेमचा फोल्डर उचलून थेट डी ड्राइव्हवर टाकला तर सापडला, का ते कळलं नाही. आता गेम सुरू होतो, पण: आवाज गरम तेलात पाणी पडल्यासारखा तडतडतो, मध्येच सगळं अर्धा सेकंद थिजतं, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुटतो. राजपुत्र बुटका आणि रुंद दिसतो. आणि सगळ्यात कहर म्हणजे दर दोन मिनिटांनी विंडोजची कसलीशी पाटी समोर येते, ती बंद करेपर्यंत राजपुत्र सुळ्यांवर.

लेक म्हणाला, “आई, हा हँग होणारा गेम तुम्ही मुद्दाम खेळायचात?”

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

---

अर्धा_कप (शनिवार, रात्री ११:५८)

फक्त दंडवत घालायला आलो. वाचनखूण साठवली आहे.

---

जुनाट_जंपर (रविवार, सकाळी ७:१०)

पहिली गोष्ट, त्या डिस्कवरून थेट खेळू नका. एवढ्या वर्षांनी जागी झाली हेच नशीब. आजच्या आज सगळी कॉपी करून घ्या आणि तिला परत झोपवा.

दुसरी. प्रिन्स हा १६ बिटचा डॉस प्रोग्राम. ३२ बिटच्या विंडोजमध्ये असले प्रोग्राम चालवायला एनटीव्हीडीएम नावाची सोय होती, ६४ बिटमध्ये ती नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणून ‘कम्पॅटिबिलिटीमध्ये जाऊन विंडोज ९५ निवडा’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. डॉसबॉक्स हाच बरोबर रस्ता.

तिसरी, एक अंदाज. मूळ फोल्डरचं नाव तुम्ही मराठीत ठेवलं होतं का?

---

लाडू_चिवडा (रविवार, सकाळी ९:०३)

हो!! ‘बाबांचा क्लास’ असं. तुम्हाला कसं कळलं?

---

जुनाट_जंपर (रविवार, सकाळी ९:२०)

हात पोळलेत म्हणून. डॉसबॉक्सच्या या आवृत्तीला पत्त्यात देवनागरी आलं की तो पत्ताच सापडत नाही. शिवाय डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, एवढाच कारभार. गेमचा फोल्डर डी ड्राइव्हवर लहानशा इंग्रजी नावाने ठेवलात ते उत्तम. आणि माउंट करताना (म्हणजे डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून दाखवताना) तो फोल्डरच करा, अख्खा सी ड्राइव्ह नको.

---

तिरपा_स्क्रू (रविवार, सकाळी १०:४५)

ताई, डॉसबॉक्सच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये सायकल्सपुढे काय लिहिलंय? (स्टार्ट मेनूत डॉसबॉक्सच्या खाली ‘ऑप्शन्स’ म्हणून जे आहे, ते उघडलं की ही फाइल उघडते.)

---

लाडू_चिवडा (रविवार, सकाळी ११:१५)

मॅक्स. एका व्हिडिओत सांगितलं होतं की गेम अडखळला तर मॅक्स करा. आधी ऑटो होतं.

---

तिरपा_स्क्रू (रविवार, दुपारी १:३०)

वाटलंच. हा सल्ला जिकडेतिकडे फिरतोय आणि तुमचे निम्मे हाल त्यानेच केलेत. जरा सविस्तर लिहितो, जेवण झालंय आणि बाहेर ऊन आहे.

मी पॉलिटेक्निकला असताना टर्बो सीमध्ये एक साप लिहिला होता, स्क्रीनवर वळवळणारा. साप फार जोरात पळायचा म्हणून प्रत्येक पावलानंतर एक रिकामा फॉर लूप टाकला, तीस हजारपर्यंत नुसतं मोजत बसणारा. लॅबमधल्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर झकास चालला. वर्षभराने मित्राच्या नव्या पेंटियमवर लावला तर साप दिसायच्या आत भिंतीवर आपटून मेलेला. कारण तीस हजार मोजायला त्या मशीनला वेळच लागत नव्हता. त्या काळचे बरेच गेम असेच, प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ समजणारे. कॅबिनेटवरचं टर्बो बटण त्यासाठीच असायचं. नाव टर्बो, पण खरा उपयोग ते बंद करून मशीन हळू करण्याचा.

डॉसबॉक्समधल्या सायकल्स म्हणजे ते बटण, फक्त आकड्यांत. एका मिलिसेकंदात खोट्या प्रोसेसरने किती सूचना पार पाडायच्या तो आकडा. ऑटोवर ठेवलं तर प्रिन्ससारख्या जुन्या गेमला ३००० मिळतात, साधारण जुन्या २८६ प्रोसेसरच्या ताकदीइतके.

आता प्रिन्स. तो माझ्या सापासारखा अडाणी नाही, तो मशीनमधल्या टायमरकडे बघून पावलं टाकतो. म्हणजे मॅक्स करून तो काही सुसाट पळत नाही. मग मॅक्स करून मिळतं काय? डॉसबॉक्स तुमच्या प्रोसेसरचा एक अख्खा कोअर पिळून काढतो. लॅपटॉप तापतो, पंखा सुटतो, बॅटरीवर असलात तर विंडोज वेग खाली आणते, मग डॉसबॉक्सने धरलेला अंदाज चुकतो आणि तो मागे पडतो. आवाजाला तर दर क्षणी ताजा माल लागतो. तो वेळेत पोचला नाही की तडतड. तुमचं गरम तेल ते हेच.

करायचं एवढंच: मॅक्स खोडा, तिथे फिक्स्ड ८००० लिहा. माझ्याकडे ३००० वर तळघरं ठीक चालली, पण महालाच्या लेव्हलला पहारेकरी आला की किंचित जड वाटायचं, म्हणून ८०००. खेळता खेळता कंट्रोल-एफ ११ ने आकडा खाली आणि कंट्रोल-एफ १२ ने वर नेता येतो. लॅपटॉपवर बहुतेक त्याऐवजी व्हॉल्यूम नाहीतर उजेड बदलेल, तेव्हा सोबत एफएन दाबा.

---

लाडू_चिवडा (रविवार, दुपारी २:१२)

पंखा बंद! तडतड बंद!! दोन दिवस डोकं आपटत होते आणि निघालं काय, तर गरजेपेक्षा जास्त ताकद. बुटकेपणाचं काय करू?

---

निवृत्त_फोरट्रान (रविवार, दुपारी ३:४०)

स्क्रू यांच्या प्रतिसादाला पुस्ती. वेगाचा उलटा फटका नुसत्या गेमना बसला असं नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले आमचे हिशेबाचे प्रोग्राम १९९७-९८ च्या सुमारास नवी मशीन आली तसे सुरू होता होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन आडवे पडू लागले. एरर २०० म्हणजे शून्याने भागाकार. आम्ही रात्र रात्र आपले सूत्र तपासत बसलो, सूत्रात शून्य कुठेच नाही! दोष पास्कलच्या क्रट युनिटमध्ये होता. मशीन किती वेगवान आहे हे ते सुरुवातीला मोजून बघे, आणि मशीन इतके वेगवान की आलेला भागाकार १६ बिटांत मावेना. प्रोसेसर मग तीच चूक दाखवी. एका ग्राहकाला मी तोंड वर करून सांगितले होते की तुमचे मशीन जरा जास्तच चांगले आहे. त्याचा चेहरा अजून आठवतो.

---

लाल_मुंगी (रविवार, दुपारी ४:०५)

हसून हसून पुरेवाट.

अवांतर: ज्यांना डॉसबॉक्स म्हणजे काय अवघड प्रकरण वाटतंय त्यांनी घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा. कॉलेजात टर्बो सी लावतात, ती निळी खिडकी डॉसबॉक्सच्याच पोटात चालते. माझ्या भाचीने चार सेमिस्टर वापरलं आणि तिला पत्ताच नव्हता की यात गेमही चालतात.

फ्लॉप्यांबद्दल: कोकणातलं खोकं आहे, म्हणून सांगते. आधी पत्र्याचं झाकण सरकवून आतली तबकडी उजेडात धरून बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ड्राइव्हमध्ये घालू नका, डोकं (ड्राइव्हचं) खराब होतं आणि मग त्यापुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात. मी एका संध्याकाळी सात घालवल्यात अशा.

---

जुनाट_जंपर (रविवार, संध्याकाळी ६:२२)

बुटकेपणा: गेमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं. जुना मॉनिटर ४:३ चा, त्यावर हे चित्र पूर्ण उंचीला ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. तुमच्या लॅपटॉपचे ठिपके चौकोनी, म्हणून चित्र वरून दाबल्यासारखं दिसतं. त्याच फाइलमध्ये आस्पेक्टपुढे ट्रू, आउटपुटपुढे ओपनजीएल आणि फुलरिझोल्यूशनपुढे डेस्कटॉप लिहा. मग पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट-एंटर. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. त्या घालवायला म्हणून चित्र आडवं ताणलंत तर राजपुत्राचा लाडू होईल.

(आयडीवरून विनोद नाही.)

---

वरणफळं (रविवार, संध्याकाळी ७:००)

पाटीचं कोडं मला सोडवू द्या, प्लीज! ती स्टिकी कीजची. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोजला वाटतं तुम्हाला त्या सोयीची गरज आहे. आणि प्रिन्समध्ये शिफ्टशिवाय पान हलत नाही: जपून पाऊल टाकायला शिफ्ट, कडेला लोंबकळायला शिफ्ट, बाटली प्यायला शिफ्ट, तलवारीचा वार शिफ्ट. पहिला पहारेकरी भेटला की पाच वार होतातच.

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा.

आणि एक फुकटचा सल्ला. लॅपटॉपच्या वर-खाली बाणांच्या कळा अर्ध्या कापलेल्या असतात, त्यावर धावत उडी नीट बसत नाही. यूएसबीचा साधा कीबोर्ड लावा. नंबरपॅडवर ७ आणि ९ ने तिरकी उडी मिळते, पूर्वी आम्ही तसंच खेळायचो.

---

लाडू_चिवडा (रविवार, रात्री १०:३०)

तिन्ही दुखणी गेली. पाया पडते सगळ्यांच्या.

तरी लेकाची कुरकूर चालूच. म्हणतो, “पळताना झटके देतो, साठ फ्रेम नाहीत.” अजून काही सेटिंग राहिलंय का? कुठेतरी ७० हर्ट्झ, ६० हर्ट्झ असं काहीतरी वाचलं.

---

तिरपा_स्क्रू (सोमवार, सकाळी ८:१५)

नाही राहिलेलं. त्या काळचं व्हीजीए चित्र सेकंदाला ७० वेळा रंगवायचं आणि आजचे साधे पडदे ६० वेळा, हे खरं. पण हा फरक सरकत जाणाऱ्या चित्राला जाचतो. प्रिन्समध्ये पडदा सरकतच नाही, राजपुत्र कडेला गेला की पुढची खोली धाडकन येते.

आणि राजपुत्र मुळातच सेकंदाला साधारण १२ चित्रांचा आहे. तुमच्या लेकाला दिसतात ते झटके नाहीत, तो तसाच रेखाटलाय. गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर याने १९८५ मध्ये धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातल्या एकेका चित्रावरून ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी आकृत्या काढल्या. गेम आला १९८९ मध्ये, डॉसवर १९९०. बारा चित्रांत तो भाऊ अजून जिवंत माणसासारखा पळतो, कडेला येऊन तोल सावरतो. साठ चित्रं असूनही ओंडक्यासारखे चालणारे नायक मी आजच्या गेममध्ये बघितलेत.

यापेक्षा ‘स्मूथ’ करायच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत.

---

एफ_टेन (सोमवार, सकाळी ११:५०)

मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. एसडीएलपॉप वापरा ना. डॉस आवृत्तीचा कोड उलगडून एका गड्याने तो आजच्या मशीनसाठी नव्याने बांधलाय. डॉसबॉक्स नको, सायकल्स नकोत. एफ ६ दाबलं की जागच्या जागी सेव्ह, एफ ९ ने परत. पोरं आनंदाने खेळतात, माझी खेळली.

---

निवृत्त_फोरट्रान (सोमवार, दुपारी १२:२०)

सुळ्यांआधी एफ ६ दाबायचे आणि मेल्यावर एफ ९? मग साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची अट कशाला ठेवली?

---

एफ_टेन (सोमवार, दुपारी १२:३१)

काका, तुम्ही क्लासमध्ये मेगाहिट हा चोरवाटा उघडणारा शब्द टाकून खेळला नाहीत असं शपथेवर सांगा.

---

निवृत्त_फोरट्रान (सोमवार, दुपारी १२:५८)

वैयक्तिक प्रश्न टाळावेत.

---

लाल_मुंगी (सोमवार, दुपारी १:१०)

=))

मेगाहिट सगळीकडे चालत नाही हं. गेममध्ये कंट्रोल-व्ही दाबून आवृत्ती बघा. १.० असेल तर मेगाहिट, १.३ किंवा १.४ असेल तर त्याजागी इम्प्रूव्हड हा शब्द. आमच्या क्लासमध्ये दुसऱ्या मशीनवर मेगाहिट ‘लागत नाही’ म्हणून ते मशीनच पनवती मानायचे.

---

जुनाट_जंपर (सोमवार, संध्याकाळी ५:३५)

एफ_टेन, एसडीएलपॉप चांगलंच आहे, मी स्वतः वापरतो. पण ताईंना गेम हवाय असं मला वाटत नाही, त्यांना *ती* कॉपी हवीय.

ताई, फोल्डरमध्ये एचओएफ शेपटीची फाइल आहे का बघा. असेल तर गेम सुरू करा आणि कीबोर्डला हात न लावता सुरुवातीची गोष्ट पूर्ण होऊ द्या. ती फाइल म्हणजे हॉल ऑफ फेम. गेम ज्याने ज्याने पूर्ण केला त्याचं नाव आणि त्याच्या हातात उरलेला वेळ.

---

लाडू_चिवडा (सोमवार, रात्री ९:४७)

आहे. फाइलची तारीख मे १९९८.

नावांची यादी आली. सगळ्या ओळींवर एकच नाव, इंग्रजी कॅपिटलमध्ये: सर. वरच्या ओळीत एकोणीस मिनिटं उरलेली.

आमच्या घरी बाबांना सगळे सरच म्हणायचे, आईसुद्धा. मला माहीतच नव्हतं बाबा खेळायचे ते. आम्हाला तर क्लासच्या वेळात खोलीत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. फोटो काढून त्यांना पाठवलाय, पण नऊ वाजता झोपतात, उद्या बघतील.

---

अर्धा_कप (सोमवार, रात्री ९:५५)

अंगावर काटा आला. एकोणीस मिनिटं बाकी म्हणजे सर खरंच सर होते.

---

वरणफळं (सोमवार, रात्री १०:०२)

ती फाइल आधी वेगळी जपून ठेवा. लेकाने गेम पूर्ण केला तर तिच्यावरच लिहिलं जाईल.

---

ह्यूस्टनचा_बंड्या (मंगळवार, पहाटे ४:३०)

धागा वाचून रात्रीचं जेवण गार झालं (इथे अजून सोमवारच आहे). मेकनरचीही गंमत अशीच आहे. ॲपल टू वर लिहिलेला मूळ कोड त्याच्याकडून हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात फ्लॉप्यांचं खोकं सापडलं, त्यात तो निघाला. गेमचं संगीतही त्या वडिलांचंच. जुन्या फ्लॉप्या वाचायला जाणकार बोलवावे लागले, मग त्याने कोड सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा बापलोकांच्या माळ्यावरची खोकी फेकू नका.

---

जुनाट_जंपर (मंगळवार, सकाळी ७:४०)

कोड खुला केला, पण गेमचे हक्क शाबूत आहेत, म्हणून ‘ताई, फोल्डर झिप करून पाठवा’ असे प्रतिसाद कृपया नकोत. दोन व्यक्तिगत निरोप आलेच आहेत मला.

---

लाडू_चिवडा (मंगळवार, दुपारी १२:१८)

बाबांचा फोन आला. आधी पाच मिनिटं हसत होते.

म्हणे, “मी कसला खेळतोय. तिसऱ्या लेव्हलचा तो सांगाडा मला कधी मेला नाही.” (मी सांगितलं, तो मरतच नाही, त्याला खड्ड्यात ढकलायचा असतो. त्यावर फोनवर शांतता.)

झालं असं होतं की क्लासमध्ये गेम लावलेला दिसला की बाबा डिस्कवरून पुसून टाकायचे. सुट्टीतल्या बॅचच्या पोरांनी शक्कल काढली: जो कोणी जिंकेल त्याने नाव सरांचं टाकायचं. सरांच्या नावाचं सर पुसणार नाहीत. बाबांनी एकदा ती यादी बघितली, आणि खरंच पुसली नाही.

एकोणीस मिनिटंवाला कोण, ते त्यांना पक्कं माहीत आहे. अजून गणपतीला घरी येतो म्हणे. नाव मात्र सांगितलं नाही, “पोराची फी बाकी आहे” एवढंच म्हणाले.

---

निवृत्त_फोरट्रान (मंगळवार, दुपारी १२:४०)

फीचा हिशेब त्याच डिस्कवर आहे ना? शोधून काढा.

---

लाडू_चिवडा (मंगळवार, रात्री ८:५५)

तो लोटस या जुन्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये आहे, उघडत नाहीये. त्यासाठी वेगळा धागा काढते.

तोवर लेकाचा प्रश्न: चौथ्या लेव्हलला दाराजवळ एकदम आरसा उभा राहिलाय, पुढे जाता येत नाही. ही पण सेटिंगची भानगड का?

---

तिरपा_स्क्रू (मंगळवार, रात्री ९:०१)

नाही. मागे जायला सांगा आणि धावत येऊन थेट आरशात उडी.